आधी ताट, मग बाटली

इटालियन रेड वाईनचा पहिला अनुभव पुष्कळांना रुचत नाही. कियान्ती आंबट लागते, बारोलोने जीभ कोरडी पडते, आणि 'यापेक्षा ऑस्ट्रेलियाची शिराझ बरी' असा निकाल तिथल्या तिथे लागतो. मला हा निकाल अन्यायाचा वाटतो, कारण ही वाईन बहुतेक वेळा चुकीच्या जागी चाखलेली असते. पार्टीत उभ्याउभ्या, हातात नुसता ग्लास, सोबत फार तर खारे काजू. इटलीतल्या बहुतेक रेड वाईन जेवणाच्या टेबलासाठी केलेल्या असतात. समोर ताट नसताना त्यांची परीक्षा घेणं म्हणजे वरणभाताशिवाय नुसतं लोणचं खाऊन ते फार आंबट आहे म्हणण्यासारखं आहे.

मग कोणत्या पदार्थाबरोबर कोणती बाटली घ्यायची? या प्रश्नाची तीन उत्तरं प्रचारात आहेत. पहिलं गावाचं: जिथला पदार्थ, तिथलीच वाईन. दुसरं रचनेचं: वाईनमधला आंबटपणा, तुरटपणा, अल्कोहोल आणि गोडवा बघा आणि पदार्थातल्या मीठ, स्निग्धता, आंबट, तिखट यांच्याशी त्यांचा मेळ घाला. तिसरं उत्तर बंडखोरांचं: हे जुळवाजुळवीचं शास्त्र फुगवलेलं आहे, ज्याला जे आवडतं ते त्याने प्यावं. तिन्हींत तथ्य आहे, पण इटलीच्या बाबतीत तिन्हींचं वजन सारखं नाही. माझं मत आधीच सांगून टाकतो. सुरुवात गावापासून करावी, निर्णय आंबटपणावर घ्यावा, आणि बाटलीची किंमत व प्रतिष्ठा सगळ्यात शेवटी बघावी. दुकानात गेल्यावर आपण नेमकं याच्या उलट करतो.

आधी पसारा किती आहे ते बघू. इटलीचे प्रांत 20, आणि विसांतही वाईनची द्राक्षं पिकतात. लागवडीला मान्यता असलेले देशी वाण साडेतीनशेहून अधिक. त्यात बाटल्यांच्या नावांना एक नियम नाही. बारोलो हे गावाचं नाव, द्राक्ष नेब्बियोलो. बार्बेरा द'आस्ती या नावात द्राक्षही आलं आणि गावही. सगळ्यात जास्त फसवणारं नाव मोन्तेपुल्चानो. 'मोन्तेपुल्चानो द'आब्रुत्झो' या बाटलीत मोन्तेपुल्चानो नावाचं द्राक्ष असतं आणि ती आब्रुत्झो प्रांतातली असते. 'व्हिनो नोबिले दी मोन्तेपुल्चानो' मात्र टस्कनीतल्या मोन्तेपुल्चानो गावची, आणि तिच्यातलं मुख्य द्राक्ष सांजोवेझे. दोन्हींचा स्वभाव वेगळा, किमतीतही बरंच अंतर. दुकानातला विक्रेतासुद्धा कधीकधी एकीच्या जागी दुसरी देतो, तेव्हा हा फरक आपल्यालाच माहीत असलेला बरा.

कायद्याने या गोंधळाला थोडी शिस्त लावली. मूळच्या प्रदेशाचं नाव राखून ठेवणारी डीओसी ही व्यवस्था 1963 च्या कायद्याने आली. तिच्या वरची डीओसीजी ही पायरी 1980 मध्ये प्रत्यक्षात आली आणि बारोलो, ब्रुनेल्लो दी मोन्ताल्चिनो यांना ती पहिल्यांदा मिळाली. आज या वरच्या पायरीवर सत्तरहून अधिक नावं आहेत. 1992 मध्ये आयजीटी नावाची मोकळी पायरी आली. ती येण्यामागे टस्कनीतल्या काही उत्पादकांचा हट्ट होता. त्याच्या दोन दशकं आधी कियान्तीत पांढरी द्राक्षं मिसळणं सक्तीचं होतं. पिएरो आन्तिनोरी यांनी 1971 च्या हंगामापासून 'तिन्यानेल्लो' ही वाईन कियान्ती हे नाव सोडून साध्या 'टेबल वाईन'च्या नावाखाली विकली. त्याआधी 1968 च्या हंगामाची 'सास्सिकाया' समुद्राकाठच्या बोल्गेरीतून फ्रेंच वाणांच्या जोरावर बाजारात उतरली होती. देशातल्या सर्वांत महागड्या वाईनपैकी काही अशा रीतीने सर्वांत खालच्या पायरीवर बसल्या होत्या. कायदा वाईन कुठली आणि कशी केली ते सांगतो. ती चांगली लागेल की नाही, आणि तुमच्या जेवणाशी जुळेल की नाही, याची हमी तो देत नाही.

तरीही लेबल वाचायला शिकावं. कियान्ती क्लासिकोची एक बाटली हातात घेऊन बघा. मानेपाशी सरकारी क्रमांक छापलेली अरुंद कागदी पट्टी असते. बूच उघडायचं तर ती फाडावीच लागते. मानेवर किंवा मागच्या लेबलवर काळा कोंबडा असतो, हे तिथल्या उत्पादक संघाचं चिन्ह. 'क्लासिको' म्हणजे त्या नावाचा जुना, मूळचा पट्टा, इथे फ्लोरेन्स आणि सिएना यांच्यामधल्या टेकड्या. नुसतं 'कियान्ती' लिहिलं असेल तर पट्टा कितीतरी मोठा. 'रिझेर्वा' म्हणजे जास्त काळ मुरवलेली. कियान्ती क्लासिकोत ही मुदत किमान 24 महिने. अल्कोहोलचं प्रमाण सगळ्यात बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, पण जेवणाच्या दृष्टीने मला तो आकडा मोलाचा वाटतो. साडेबारा-तेरा टक्क्यांची बाटली जेवणभर सोबत करते. पंधराच्या घरातली दोन घोटांत ताटावर स्वार होते.

आता आंबटपणाकडे येऊ, कारण सारी किल्ली तिथे आहे. सांजोवेझे हे मध्य इटलीचं मुख्य द्राक्ष. त्याची वाईन आंबट चेरीच्या चवीची, मध्यम अंगाची, आणि तिच्यातलं आम्ल ठळक. एक साधा प्रयोग घरी करता येतो. कियान्तीचा एक घोट नुसता घ्या, जिभेच्या कडा शिवशिवतील. मग टोमॅटो, लसूण आणि ऑलिव्ह तेलात शिजवलेल्या सॉसचा पास्ता खा आणि पुन्हा घोट घ्या. तीच वाईन आता गोल, फळाळ लागते. चेरी पुढे येते आणि आंबटपणा मागे सरतो. बाटलीत काहीच बदललेलं नसतं, बदललेली असते आपली जीभ. आंबट पदार्थ तोंडात असला की वाईनचं आम्ल कमी जाणवतं. उलट, कमी आम्लाची, मऊ, जॅमसारखी रेड वाईन टोमॅटोपुढे पचपचीत होऊन जाते. म्हणून नियम एवढाच: वाईनचा आंबटपणा पदार्थाइतका तरी हवाच. गोडाचंही असंच. पदार्थ वाईनपेक्षा गोड असला तर वाईन कडवट आणि आंबट होते. चॉकलेट केकबरोबर कोरडी रेड वाईन देण्याची जी पद्धत हॉटेलांत बोकाळली आहे, ती माझ्या मते चांगल्या वाईनची नासाडी आहे.

टोमॅटो आणि सांजोवेझे यांचा हा संसार पुरातन आहे असं हौसेने सांगितलं जातं. ते खरं नाही. टोमॅटो अमेरिका खंडातून सोळाव्या शतकात युरोपात आला आणि इटालियन स्वयंपाकघरात रुळायला त्याला फार वेळ लागला. नेपल्सच्या इप्पोलितो काव्हालकान्ती यांच्या 1839 च्या पाककृतींच्या पुस्तकात शेवयांबरोबर टोमॅटो येतो, ही अशा जोडीच्या सुरुवातीच्या छापील नोंदींपैकी एक. कियान्तीचं नाव त्याहून कितीतरी जुनं. टस्कनीचा ग्रँड ड्यूक कोसिमो तिसरा याने 1716 मध्येच त्याच्या सीमा ठरवून दिल्या होत्या. म्हणजे टोमॅटो सॉस येण्याआधी ही वाईन लोक पीतच होते, आणि टोमॅटो आल्यावर ती त्याच्याशी जमली, कारण तिच्या अंगात आम्ल होतं. 'जिथलं तिथलं' या सिद्धान्ताच्या मागे परंपरेइतकंच रसायन आहे, हे इथे दिसतं.

टस्कनीच्याच इतिहासात मला फार आवडणारी एक नोंद आहे. इटलीचे पंतप्रधान राहिलेले बेत्तिनो रिकासोली हे ब्रोलियोच्या किल्ल्याचे मालक आणि हाडाचे द्राक्षबागायतदार. त्यांनी 1872 मध्ये पिसाच्या एका प्राध्यापकांना लिहिलेल्या पत्रात कियान्तीचं मिश्रण समजावून सांगितलं. सांजोवेझेकडून सुगंध आणि जोम, कानायोलोकडून मऊपणा, आणि माल्व्हाझिया हे पांढरं द्राक्ष फक्त रोजच्या जेवणातल्या हलक्या वाईनसाठी. मुरवायच्या वाईनमध्ये ते नको. वाईन कधी आणि कशाबरोबर प्यायची याचा विचार बाग आणि तळघराच्या पातळीवरच झालेला होता. पुढे कायद्याने पांढऱ्या द्राक्षांची सरसकट सक्ती केली तेव्हा रिकासोलींचा हा भेदच हरवला. 2006 च्या हंगामापासून कियान्ती क्लासिकोत पांढरी द्राक्षं घालायला बंदी आहे.

सांजोवेझेचंच थोर रूप म्हणजे ब्रुनेल्लो दी मोन्ताल्चिनो. त्यात दुसरं द्राक्ष चालत नाही, आणि सुगीनंतर पाचवं वर्ष उजाडल्याशिवाय ती बाजारात येत नाही. किआनिना जातीच्या गाईच्या मांसाचा निखाऱ्यावर भाजलेला जाड तुकडा, म्हणजे फ्लोरेन्सची 'बिस्तेक्का', हा तिचा ठरलेला सोबती. पण टस्कनीचं रोजचं जेवण बिस्तेक्का नव्हे. तिथे घेवड्याच्या बिया, काळा कोबी आणि शिळा पाव घालून केलेलं 'रिबोल्लिता' हे दाट सूप आहे, ऑलिव्ह तेलात परतलेल्या डाळी आहेत. याबरोबर ब्रुनेल्लो जड पडते. तिची धाकटी बहीण 'रोस्सो दी मोन्ताल्चिनो' त्याच गावची, त्याच द्राक्षाची, लवकर बाजारात येणारी आणि पुष्कळ स्वस्त. शाकाहारी जेवणाला तर ती दहातल्या नऊ वेळा मोठ्या बहिणीपेक्षा सरस ठरते.

आंबटपणानंतर तुरटपणा. टॅनिन द्राक्षाच्या सालीत आणि बियांत असतं. तोंडात गेल्यावर ते लाळेतल्या प्रथिनांना बांधून टाकतं, म्हणून गाल आतून आवळल्यासारखे होतात. समोर मांसाचं प्रथिन आणि चरबी असेल, चांगलं मीठ असेल, तर तुरटपणा जाणवेनासा होतो. हे सगळ्यात नीट कळतं पिडमाँट प्रांतात.

पिडमाँटच्या लांगे टेकड्यांत नेब्बियोलो पिकतं. त्याच्या वाईनचा ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धरून बघा. रंग फिका, खालचा कागद आरपार दिसतो, आणि जुन्या बाटलीत कडेला विटकरी छटा आलेली असते. या रंगावरून कुणालाही वाटेल की वाईन हलकी असणार. वास गुलाबाचा, डांबराचा, सुकलेल्या पानांचा. आणि घोट घेतला की तुरटपणा आणि आम्ल दोन्ही एकदम, पुरेपूर. बारोलोला किमान 38 महिने मुरवावं लागतं, त्यातले 18 लाकडात. रिझेर्वाला 62 महिने. बार्बारेस्कोला 26. एवढं करूनही तरुण बारोलो हट्टी असते. तिच्यापुढे ठेवायचं ते बारोलोतच तासन्‌तास शिजवलेलं गोमांस, किंवा अंड्याच्या पिवळ्या बलकाने पिवळाधमक झालेला, केसासारखा बारीक 'तायारीन' पास्ता आणि त्यावर लोणी. शरदात त्यावर आल्बाची पांढरी ट्रफल किसून पडते. लोण्याची स्निग्धता तुरटपणाला झाकते, आणि ट्रफल व जुन्या नेब्बियोलोचा मातकट गंध एकमेकांत मिसळतो. इटालियन जेवणातल्या अगदी थोर जोड्यांपैकी ही एक, आणि इथे मी गावाच्या सिद्धान्ताला निःशंक मान देतो.

याच टेकड्यांत 1980 च्या दशकात मोठा वाद पेटला. एलिओ आल्तारे आणि त्याच्या पिढीचे काही तरुण लहान नव्या फ्रेंच पिंपांकडे आणि कमी काळ साली भिजवण्याकडे वळले. वाईन लवकर पिण्याजोगी आणि परदेशी बाजाराला रुचणारी झाली. बार्तोलो मास्कारेल्लोसारखे जुने कारागीर मोठ्या जुन्या पिंपांवर ठाम राहिले. जेवणाच्या बाजूने बघितलं तर मास्कारेल्लोंचा पक्ष मला बळकट वाटतो. नव्या ओक पिंपातून येणारा व्हॅनिलाचा आणि भाजका गोडसर वास ताटातल्या कुठल्याच पदार्थाशी बोलत नाही. आज दोन्ही पक्ष बरेच जवळ आले आहेत आणि मोठी पिंपं पुन्हा सर्रास दिसतात.

पण बारोलोच्या प्रदेशातला माणूस रोज बारोलो पीत नाही. तो बार्बेरा किंवा दोल्चेत्तो पितो. बार्बेरात टॅनिन थोडं आणि आम्ल भरपूर. दोल्चेत्तोत आम्ल बेताचं आणि थोडा कडसर तुरटपणा. माझ्या मते जेवणासाठी इटलीतली सर्वांत उपयोगी रेड वाईन बार्बेरा आहे. टोमॅटो चालतो, चीज चालतं, मशरूमचा रिसोत्तो चालतो, लसूण आणि अँकोव्हीच्या गरम तेलात बुडवून खायच्या कच्च्या भाज्या, म्हणजे तिथली 'बान्या काउदा', तीही चालते. टॅनिन कमी असल्याने तिखटाशीही तिचं भांडण होत नाही. एवढं असून तिला मान कमी, आणि म्हणूनच किंमत बेताची.

एमिलियातली लाम्ब्रुस्को तर मान न मिळण्याचं ठळक उदाहरण. एकेकाळी अमेरिकेत ती स्वस्त आणि गोड रूपात ओतली गेली, आणि तेच रूप लोकांच्या मनात बसलं. मोदेना आणि रेज्जो एमिलियात जी प्यायली जाते ती बहुतेक कोरडी, थंड आणि फेसाळ लाल वाईन. हा प्रदेश पार्माच्या हॅमचा, पार्मिजानो रेज्जानो चीजचा, डुकराच्या मांसाच्या चरबीदार सॉसेजचा. इतकी चरबी आणि मीठ कापायला आम्ल आणि बुडबुडे दोन्ही लागतात. सोर्बाराची लाम्ब्रुस्को फिकी आणि धारदार, कास्तेलवेत्रोची ग्रास्पारोस्सा गडद आणि थोडी तुरट. हॅमला पहिली, सॉसेजला दुसरी.

व्हेरोनाजवळच्या वाल्पोलिचेल्लात परंपरेचा दावा पुन्हा तपासावा लागतो. तिथली साधी वाल्पोलिचेल्ला हलकी, चेरीच्या चवीची, घरगुती. आमारोने मात्र सुगीनंतर द्राक्षं तीन-चार महिने हवेशीर माळ्यावर सुकवून करतात. पाणी उडून साखर दाटते, आणि वाईन किमान 14 टक्क्यांची, प्रत्यक्षात पुष्कळदा 15-16 ची होते. सुकवलेल्या द्राक्षांची गोड वाईन तिथे फार जुनी, पण कोरडी आमारोने बाजारात नावारूपाला आली ती 1950 च्या दशकात. डीओसीजी मिळाली 2010 मध्ये. आपल्याकडच्या हॉटेलांत ती सगळ्यात मोठी इटालियन वाईन म्हणून मटणापासून पिझ्झापर्यंत कशाबरोबरही पुढे केली जाते. तिचं बळ इतकं की बहुतेक ताटं तिच्याखाली दबतात. जुन्या पार्मिजानोचा तुकडा, निळं चीज, मंद आचेवर शिजलेलं मांस, बस्स. मुख्य जेवण संपल्यावर चीजबरोबर ती एकटी शोभते.

आता दोन गैरसमज. एक, दक्षिणेतल्या वाईन उन्हाने भाजलेल्या आणि जड असतात. पुल्याची प्रिमितिवो काही अंशी तशी असते. तिचं द्राक्ष आणि कॅलिफोर्नियाचं झिनफांडेल एकच, आणि त्यांचं मूळ क्रोएशियात, हे डीएनए चाचण्यांनी सिद्ध झालं. पण कांपानियाचं आल्यानिको उंचावर, ज्वालामुखीच्या मातीत उशिरा पिकतं. कधी नोव्हेंबरपर्यंत ते वेलीवर असतं. ताउराझी गावची त्याची वाईन आम्ल आणि टॅनिन दोन्हींत बारोलोशी बरोबरी करते आणि भाजलेल्या कोकराच्या मांसाबरोबर खुलते. सिसिलीत एटना ज्वालामुखीच्या उतारावर जवळपास हजार मीटर उंचीपर्यंत नेरेल्लो मास्कालेझे पिकतं. त्याची वाईन फिकी, नाजूक. काटानियाची वांगी, टोमॅटो आणि खारट रिकोत्ता घातलेली 'नोर्मा' पास्ता तिच्यासाठीच केल्यासारखी लागते. आब्रुत्झोत मेंढ्यांमागे हिंडणाऱ्या मेंढपाळांच्या काड्यांवर भाजलेल्या मटणाच्या बारीक तुकड्यांना, 'आरोस्तिचीनी'ला, तिथली मोन्तेपुल्चानो.

दुसरा गैरसमज माशाचा. 'माशाबरोबर रेड नको' हा नियम अर्धाच खरा आहे. 2009 मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं की रेड वाईन आणि शिंपल्यांच्या जोडीने येणारी उग्र वशाड चव वाईनमधल्या लोहामुळे येते. लोह कमी असलेल्या वाईनमध्ये ती येत नाही. त्यात टॅनिनची भर पडली की मासा धातूसारखा लागतो. पण लिव्होर्नोच्या बंदरात टोमॅटोत शिजवलेलं 'काच्चुक्को' हे मिश्र मासळीचं दाट कालवण रेड वाईन घालूनच करतात आणि रेड वाईनबरोबरच खातात. सिसिलीत ताज्या ट्यूनाबरोबर फ्रापातो ही तिथली लाल वाईन थंड करून घेतात. टॅनिन कमी, आम्ल चांगलं, वाईन किंचित गार आणि मासा तेलकट असला की ही जोडी निर्धास्त जमते.

आता बंडखोरांचं म्हणणं. अमेरिकन मास्टर ऑफ वाईन टिम हॅनी यांची मांडणी अशी की माणसांची चव-संवेदना इतकी वेगवेगळी असते की एकाला जमलेली जोडी दुसऱ्याला जमेलच असं नाही. आणि वाईन कडक लागत असेल तर पदार्थावर थोडं मीठ आणि लिंबू घाला, वाईन मऊ लागेल. यातला दुसरा भाग सोळा आणे खरा आहे आणि वर सांगितलेल्या रसायनाशी जुळतो. बिस्तेक्कावर लिंबाची फोड आणि जाड मीठ टस्कनीत देतात, त्यामागे हेच कारण. पहिल्या भागातून मात्र 'काहीही चालतं' असा अर्थ काढू नये. रोममध्ये आर्टिचोक फार खातात. त्यातल्या एका द्रव्यामुळे नंतर घेतलेली कुठलीही गोष्ट गोडसर लागते आणि रेड वाईन धातूसारखी होते. तिथे आवडीनिवडीचा प्रश्नच येत नाही, रेड वाईन बाजूला ठेवावी.

जुळवणीइतकाच महत्त्वाचा आणि आपल्याकडे सर्वांत दुर्लक्षित मुद्दा तापमानाचा. रेड वाईन 'खोलीच्या तापमानाला' द्यावी हा नियम थंड युरोपीय घरांचा, म्हणजे 16-18 अंशांचा. मुंबई-पुण्याच्या 30 अंशांत कुठलीही रेड वाईन अल्कोहोलचा भपका देते आणि आम्ल हरवते. बाटली उघडण्याआधी अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवा. बार्बेरा, फ्रापातो, साधी वाल्पोलिचेल्ला 14 अंशांच्या आसपास, लाम्ब्रुस्को त्याहून गार, बारोलो 18 ला. महाग बाटली घेण्यापेक्षा हे केल्याने जास्त फरक पडतो.

भारतात आयात वाईनवर वर्षानुवर्षं दीडशे टक्के सीमाशुल्क राहिलं, त्यावर राज्यांचे कर. त्यामुळे इटलीत रोजच्या जेवणात सहज उघडली जाणारी बाटली इथे चैनीची होते, आणि लोक नावाजलेली वाईन सणासमारंभाला घेतात. इथे महाराष्ट्राचा एक खरा धागा आहे. सोलापूर जिल्ह्यात अकलूजला फ्रातेल्ली या वायनरीने इटालियन भागीदारांसोबत बागा लावल्या आणि टस्कनीचे वाईनतज्ज्ञ पिएरो मासी यांच्या देखरेखीखाली सांजोवेझेची वाईन केली. टस्कनीत हे द्राक्ष सप्टेंबर-ऑक्टोबरात तोडतात. आपल्याकडे पावसाळ्यानंतर छाटणी आणि तोडणी फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास. ऋतू उलटे, म्हणून चवही वेगळी, फळाळ आणि जास्त मऊ. तरी आंबट चेरीची खूण ओळखू येते, आणि टस्कनीच्या सांजोवेझेशी शेजारी ठेवून चाखायला ती उत्तम.

इटालियन वाईन मराठी ताटासाठी केलेली नाही, हे मान्य करून चालावं. तिखट अल्कोहोल आणि टॅनिन दोन्हींचा चटका वाढवतं. तांबड्या रश्श्यापुढे बारोलो किंवा आमारोने उघडली तर दोन्हींचं नुकसान होतं. भरल्या वांग्यात गूळ आणि शेंगदाण्याचं कूट असतं. तिथे कोरडी कियान्ती रागीट लागते, फळाळ फ्रापातो निभावून नेते. व्हिनेगर घातलेल्या गोव्याच्या व्हिंदालूबरोबर आणि सोरपोतेलबरोबर थंड, कोरडी लाम्ब्रुस्को मला सर्वांत जास्त जमलेली वाटते: चरबी आहे, आंबट आहे, तिखट आहे, आणि वाईनमध्ये आम्ल व फेस आहे, अल्कोहोल बेताचं.

हंगामाच्या वर्षाचा विचार फक्त मोठ्या वाईनसाठी करावा. 2010 आणि 2016 ही बारोलो आणि ब्रुनेल्लो दोन्हींसाठी थोर वर्षं. बारोलोत 2002 चं वर्ष पाऊस आणि गारपिटीने गेलं. बार्बेरा, दोल्चेत्तो, साधी कियान्ती मात्र जितकी ताजी तितकी बरी. आपल्याकडच्या दुकानांत उन्हाच्या काचेत उभ्या ठेवलेल्या, पाच-सहा वर्षं जुन्या स्वस्त कियान्ती दिसतात. त्या घेऊ नयेत.

आणि पहिल्यांदाच इटालियन रेड घेणार असाल तर बारोलोवर पैसे घालू नका. अलीकडच्या सालाची, तेरा-साडेतेरा टक्क्यांची बार्बेरा द'आस्ती घ्या, अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा, आणि टोमॅटोचा कुठलाही साधा पदार्थ शिजवून झाल्यावरच बूच काढा.